कळ पाठीत गेली

नवसाबाई आणि तिचा नवरा गोटीराम नाशिकजवळ मखमलाबादला दीड एकरात झेंडू आणि मेथी पिकवायचे. २००३ च्या नवरात्रात, सकाळी टेम्पोत फुलांचे क्रेट चढवताना गोटीराम छाती धरून खाली बसला.

"फाटलं गं आत काहीतरी."

अंग घामानं थबथबलं होतं. वय पन्नास. ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्यानं, बरं वाटतंय म्हणून, वर्षभरापूर्वीच सोडल्या होत्या.

फुलं उतरवून नवसाबाईनं त्याला टेम्पोत निजवलं आणि शहरातल्या एका दवाखान्यात आणलं. ईसीजीत थोडा बदल होता. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "अटॅक दिसतोय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ." नर्स ते भरायला लागली.

"सायब, कळ छातीत राहिली नाय. पाठीत गेली, आता कमरेत उतरली."

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

ती हलली नाही. तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणाली.

नुकत्याच आत आलेल्या डॉ. अपूर्वांनी ते ऐकलं आणि गोटीरामची दोन्ही मनगटं धरली. डावी नाडी जेमतेम लागत होती. दोन्ही हातांच्या ब्लडप्रेशरमध्ये चाळीसचा फरक निघाला.

"इंजेक्शन थांबवा. आधी सीटी स्कॅन."

स्कॅन झाल्यावर त्यांनी नवसाबाईला पडद्यावर दाखवलं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या गोल चित्रात एक बारीक रेघ आडवी गेली होती.

"धमनीचा आतला पदर फाटलाय. दोन थरांच्या मधून रक्त खाली शिरतंय. ते इंजेक्शन दिलं असतं, तर रक्त थांबलंच नसतं. ऑपरेशनला मुंबईला न्यावं लागेल. वाटेत काहीही होऊ शकतं."

"इथंच ठेवलं तर?"

"दर तासाला धोका वाढेल."

"मग चला."

कसारा घाटात, अँब्युलन्समध्येच गोटीरामची शुद्ध हरपली. नवसाबाई त्याचं डावं मनगट चाचपत राहिली. तिथं काहीच लागेना, तेव्हा तिनं उजवं धरलं आणि मुंबईपर्यंत सोडलं नाही.

ऑपरेशन सात तास चाललं. तो वाचला, पण डावा पाय अधू झाला. धमनीचा हृदयाजवळचा भाग बदलला होता, पोटाकडची चीर मात्र तशीच राहिली. ती धमनी फुगतेय का, हे दरवर्षी स्कॅन करून बघायचं. शेत नवसाबाईच करू लागली. तो नुसता खोकला तरी ती वाफ्यातून उठून येई.

"काय झालं?"

"ठसका लागला गं. किती येशील बघायला?" तो चिडायचा.

२००८ च्या स्कॅनमध्ये धमनी थोडी रुंदावलेली दिसली. डॉक्टरांनी सहा महिन्यांनीच परत बोलावलं. घरी जाताना रिक्षात नवसाबाईनं त्याचं उजवं मनगट धरलं, तो चिडला नाही.