लायसन्स कुमुदताईंच्या नावावर

कुमुदताईंना फोन करून कुणी पेस्ट कंट्रोलचा दर विचारला, तर दर सोडून बाकी सगळं ऐकायला मिळायचं. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा आमच्या ओट्यावर मुंग्यांनी ठाण मांडलं होतं. "किती घ्याल?" असं मी विचारलं. पलीकडून प्रश्न आला, "लाल की काळ्या?" मी वाकून बघितलं आणि काळ्या म्हणालो. "मग साखरेच्या डब्याचं झाकण नीट लावा. आठ दिवसांनी राहिल्या तर फोन करा." एवढं बोलून फोन बंद. आठ दिवसांत मुंग्या गेल्या. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटत राहिलं, कारण मी पैसे द्यायला तयार होतो.

पुढे वाघोलीतल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला मी उशिरा पोहोचलो आणि गैरहजेरीत सेक्रेटरी झालो. पहिलंच काम आलं ते झुरळांचं. ऐंशी फ्लॅटांच्या सोसायटीची दोन पार्किंग आणि ड्रेनेजचे सगळे चेंबर यांच्यासाठी वर्षाचं कंत्राट द्यायचं होतं. मला फोनवरच्या त्या बाई आठवल्या आणि मी त्यांचा पत्ता शोधत खडकीला गेलो.

दोन खोल्यांचं घर होतं. दारातून आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर, जिथे लोक देवाचा नाहीतर वडिलांचा फोटो लावतात, तिथे कृषी खात्याचं लायसन्स फ्रेम करून लावलेलं होतं. त्याला हार नव्हता, एवढंच. खाली खुर्चीत साठीच्या बारीक अंगाच्या कुमुदताई आणि शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेले त्यांचे यजमान दिगंबरराव. हा धंदा करायचा तर रसायनशास्त्र शिकलेला पदवीधर लागतो, वर त्याने रीतसर प्रशिक्षण घेतलेलं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. दिगंबररावांचं शिक्षण मॅट्रिकला थांबलेलं. कुमुदताई बीएस्सी. म्हणून प्रशिक्षणाला त्या गेल्या आणि लायसन्स त्यांच्या नावावर झालं. पंप पाठीला लावून लोकांच्या ओट्याखाली शिरायचे ते दिगंबरराव.

"माझी पदवी आणि ह्यांचे हात," त्या म्हणाल्या.

"आणि हिची किंकाळी," दिगंबररावांनी भर घातली. "न्हाणीघरात एक झुरळ दिसलं की मला फोन. परवा हडपसरचं काम अर्धवट टाकून आलो."

मला वाटलं, आता बाई चिडणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे. मला झुरळांची भयंकर भीती वाटते."

"मग हा धंदा कसा काय?" मी विचारलं.

"तुम्हाला सांगते, ज्याला भीती वाटत नाही तो औषध अंदाजाने ओततो. मी मोजते."

मी तासभर बसलो, त्यात चार फोन आले. एकाला कायमचा बंदोबस्त हवा होता. "कायमचं? कायमचे तर आपणही नाही आहोत. तीन महिन्यांची गॅरंटी देते." एकीने औषध हर्बल आहे का असं विचारलं. "तंबाखूही हर्बलच असते," ताई म्हणाल्या. हिंजवडीच्या एका मुलाने, आधीच्या माणसाच्या औषधाला सॉलिड स्मेल होता, तुमच्याला येईल ना, अशी चौकशी केली. "वास हवा असेल तर उदबत्ती लावा. वन बीएचकेला जेलच्या औषधाचे बाराशे होतील, त्याला वास नाही." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या, "तो येणार नाही. लोकांना वास लागतो हो."

आमच्या कामाचे त्यांनी चोवीस हजार सांगितले. मी पुण्यात इतकी वर्षं राहिल्यामुळे सवयीने वीस म्हणालो. त्यांनी नकार दिला, पण नेहमीचा तोडून टाकणारा नव्हे. "कमी नाही करता येणार. पण हे काम मला हवंय," त्या म्हणाल्या. "ह्यांचे गुडघे गेलेत. घरोघरी जिने चढायचे म्हणजे रोज रडकुंडीला येतात, सांगत नाहीत. वर्षभराचं एक काम मिळालं, तेही तळमजल्यावरचं, तर ते जिने सुटतील." दिगंबरराव तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघत होते.

अडचण होती आमच्या चेअरमनची. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी त्यांचीच. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांचा भाचा सोन्या बारा हजारांत तयार होता. लायसन्सचं मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "कागद काय झुरळाला दावायचा हाय का? आन् बाईमाणूस यक्सपर्ट व्हय? येऊ द्या की मग रविवारी. सगळ्यांम्होरं चेंबर उघडू, सोन्या बी येईल. ज्याचं काम चांगलं त्याला देऊ."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये वीस-पंचवीस मंडळी जमली. पोरांचं क्रिकेट चालू होतं. कुमुदताई छातीशी फाइल धरून आल्या, मागे लंगडत दिगंबरराव आणि त्यांचा पंप. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना नमस्कार करून सांगितलं, "एक आधीच सांगते. मला झुरळांची भीती वाटते. चेंबर हे उघडतील, मी लांबून सांगेन."

सगळे हसले. भाऊ तर पोट धरून हसले. "आवो ताई, आमी रानातली मानसं. इंचू हातात धरलाय म्या! आपल्याला न्हाय कशाचं भ्या वाटत. सोन्या, हो म्होरं."

सोन्या पुढे झाला. हातात मोजे नाहीत, पायात स्लिपर. त्याने संत्र्याच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं पिवळसर काहीतरी निम्मं बादलीत ओतलं, वर नळाचं पाणी सोडलं, बाटली बाजूला ठेवली, झाकण उचललं आणि बादली चेंबरमध्ये रिकामी केली.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. औषधाने चवताळलेली झुरळं चेंबरमधून वर आली. दहा-वीस नव्हे, नुसता लोट. मंडळींनी जिन्याकडे धूम ठोकली, त्यात सेक्रेटरी पहिला. कुमुदताई किंकाळी फोडून वॉचमनच्या बाकड्यावर चढल्या. मागोमाग बाकडं पुन्हा हाललं. भाऊ धोतर गुडघ्यापर्यंत आवरून त्यांच्या शेजारी उभे होते.

"पोरांना आत घ्या!" बाकड्यावरून ताई ओरडल्या. "सोन्या, हात डोळ्यांना लावू नकोस. आधी साबणाने धू. बाटलीत काय होतं?"

"औषध."

"कुठलं? डब्यावर त्रिकोण कुठल्या रंगाचा होता? लाल, पिवळा?"

"कसला त्रिकोण? दुकानदारानं सुटंच दिलंय."

त्रिकोणाचा रंग बघून औषध किती विषारी ते कळतं, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी ताईंचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. सोन्याने ती बाटली भिंतीशी ठेवली होती आणि तिथेच पोरांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. घामाघूम झालेलं सात-आठ वर्षांचं एक पोर तिकडेच निघालं होतं.

कुमुदताई खाली उतरल्या. बाकडं आणि भिंत यांच्यामध्ये फरशी दिसत नव्हती. त्या धावत गेल्या, आणि जाताना सबंध वेळ किंचाळत होत्या. दिगंबररावांनी "अगं, थांब, मी जातो" म्हणेपर्यंत त्यांनी पदराने बाटली उचलली होती. पोराच्या पाठीत एक धपाटा घालून त्याला आत पिटाळलं आणि तशाच किंचाळत परत येऊन त्या बाकड्यावर चढल्या. चेहरा पांढराफटक पडला होता, बाटली मात्र घट्ट धरलेली. मला माझीच लाज वाटली.

मग दिगंबररावांनी मोजे चढवले, मास्क लावला. ताई वरून मात्रा सांगत होत्या आणि ते मापाने औषध घेत होते. "पाच मिली. पाच म्हणजे पाच हो, तुमचा हात सढळ आहे." वीस मिनिटांत फरशी शांत झाली. वास अजिबात आला नाही आणि त्याबद्दल कुणी तक्रारही केली नाही.

भाऊ अजून वरच होते. ताईंनी काखेतली फाइल उघडली, कंत्राटाच्या पत्रावर आपली सही केली, ते भाऊंपुढे धरलं आणि पेन दिलं.

"आता वर आलाच आहात," त्या म्हणाल्या, "तर सही करून उतरा."

भाऊंनी सही केली. चोवीस हजारांतला एक रुपयाही कमी करा म्हणाले नाहीत. वाघोलीत ही गोष्ट बराच काळ अविश्वासाने ऐकली जायची.

कुमुदताईंनी आमचं काम तीन वर्षं केलं. मग ती दोघं लेकीकडे नाशिकला गेली आणि जाताना लायसन्स रीतसर परत करून गेली. कंत्राटाचं ते पत्र सोसायटीच्या फाइलमध्ये आहे, मी कधीतरी काढून बघतो. खाली ताईंची आणि भाऊंची अशा दोन सह्या आहेत आणि दोन्ही सारख्याच थरथरलेल्या. फरक एवढाच, की त्यातल्या एका माणसाने आपल्याला भीती वाटते हे आधीच सांगून टाकलं होतं.