चंद्रकला बातमी इचारून सांगायची

सकाळी चहाचं आधण ठिवलं होतं. नातवाच्या मोबाईलवर मेसेज आला अन् त्यानं दात घासता घासता वाचून दाखवला, "आजी, ती चंद्रकला मावशी ऑफ झाली म्हणं." एवढंच बोलला अन् थुंकायला मोरीकडं गेला. त्याची काही चुकी न्हाई, आता सगळ्यांकडं बातमी अशीच येऊन राह्यली. मी गॅस बंद केला. जिनं कुणाच्या अंगावर बातमी फेकली न्हाई, तिचीच बातमी अशी येऊन पडली... चपला घातल्या अन् तिच्या घराकडं निघाले. तिथं आत बाया रडून राह्यल्या होत्या. बाहेर माणसांचं एकच चाललं होतं, सुनीताला सांगायचं न्हाई. सुनीता म्हणजे चंद्रकलाची एकुलती पोरगी, परभणीला दिलेली. दुसरं बाळंतपण सासरी झालं अन् अजून ती ओली बाळंतीण होती. आई दवाखान्यात हाये, हे बी तिला कुणी कळू दिलं नव्हतं. चंद्रकलाचा पोरगा मिलिंद म्हणे, "तिला धक्का बसंल, दूध आटंल. सव्वा महिना झाला की सांगू." दुपारी माती उरकायची ठरलं. मी ओट्यावर बसले. त्या पोरीला आईचं तोंड दिसंल का न्हाई, ह्याच्याबिगर मला दुसरं काही सुचेना. कारण तसं माझ्यावर एकदा गुजरलेलं हाये, अन् ते चंद्रकलामुळंच.

तिला जाऊन आता महिना होऊन गेला. मी दुसरीपर्यंत शाळेत गेल्ते, तेवढ्यात लिहिणं काही आलं न्हाई. मी बोलून राह्यले अन् नात पेपरात द्यायला लिहून घेऊन राह्यली. कुठं चुकलं तर तिला बोलू नका, मला बोला.

आम्ही जालन्यात आलो ते एक्याऐंशी साली. माझं मायेर जाफराबादेकडच्या टेंभुर्णीचं, सासर तिथून जवळच. नवरा मोंढ्यात पोती उचलायला लागला अन् मी बियाण्याच्या गोदामात निवडायला. ज्वारी, बाजरी, सरकी, जे येईल ते. सूप घ्यायचं, फुटका दाणा, खडा, किडका दाणा बाजूला काढायचा, चांगल्याचा ढीग करायचा. जेवढं माप भरंल तेवढी मजुरी. धुराळा इतका की सांजेला थुंकी काळी पडायची. चंद्रकला माझ्या शेजारी बसायची. ती वाटूरकडची, बौद्धाची. सातवी पास होती अन् तेवढी शिकलेली आमच्यात दुसरी कुणी नव्हती. शेठजीचा वाचून झालेला पेपर दुपारच्याला मुकादम आणून टाकायचा, पाल्यापाचोळ्यासारखा, भाकरी बांधायला. चंद्रकला तो सरळ करून वाचायला लागली. पहिल्यांदा मनात, मंग शेजारच्या बाईनं इचारलं म्हून मोठ्यानं. वाचायचं तर हात थांबतात, हात थांबले तर माप भरत न्हाई. मंग पारूबाईनं, आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, रीत घालून दिली. चंद्रकलानं वाचायचं अन् तोवर प्रत्येकीनं आपल्या ढिगातली एक मूठ तिच्या ढिगावर टाकायची. अशी तिची मजुरी बुडत नव्हती अन् आम्हाला जग कळत होतं. खरं सांगायचं तर त्या वक्ताला निम्म्या बाया तिच्या हातचं पाणी पीत नव्हत्या. तिच्या तोंडची बातमी मात्र सगळ्यांना लागायची. तिला हे दिसत नव्हतं असं न्हाई. एकदा माठाकडं बघून मला म्हणली होती, "कौसे, माझा आवाज बराबर गळ्याखाली उतरतो बघ ह्यांच्या." अन् हसली. मी त्या दिवशी तिच्या तांब्यानं पाणी पिले. पारूबाईनं नाक मुरडलं, पण मूठ टाकली.

सुरवातीला ती पेपर जसा असंल तसा वाचायची, वरून खाली, दम न घेता. एक दिवस वाचता वाचता विहीर ढासळल्याची बातमी आली, गावाचं नाव आलं, खाली मेलेल्या माणसांची नावं आली अन् तिसऱ्या नावाला गयाबाई तिच्या ढिगातच पालथी पडली. तिचा भाऊ होता तो. सरकीत तोंड खुपसलेली गयाबाई अन् हातात पेपर धरून उभी ऱ्हायलेली चंद्रकला... ते मला अजून दिसतं. लई दिवस तिनं पेपराला हात लावला न्हाई. मंग कवातरी पुन्हा घेतला, पण आता ती आधी सगळा मनात वाचायची. कुणाचं मायेर कुठलं, कुणाची बहीण कुठं दिली, कुणाचं पोरगं कुठल्या गाडीवर हाये, हे सगळं तिनं इचारून इचारून डोक्यात ठिवलं. अशी बातमी असली की तेवढा तुकडा गाळायची अन् सांजेला त्या बाईसंगं घरापर्यंत चालत जायची, वाटंनं हळूहळू सांगायची. आम्हाला ते चांगलं वाटायचं. मला बी वाटायचं.

मंग माझी पाळी आली. माझा धाकटा भाऊ नामदेव जाफराबादच्या रस्त्यावर जीप उलटून गेला. मायेरून माणूस सांगावा घेऊन निघाला होता, पण आम्ही खोली बदलली होती, तो जुन्या पत्त्यावर हिंडत बसला. पेपरात मात्र नाव आलं होतं. चंद्रकलानं दुपारी ते वाचलं, पेपराची घडी घातली अन् म्हणली, "आज काही छापलेलंच न्हाई बिलकुल." मी डबा सोडला, भाकर खाल्ली, तिला बी ठेचा दिला. ती माझ्या तोंडाकडं बघून राह्यली होती, मला वाटलं तिची तब्येत बरी न्हाई. सांजेला ती माझ्यासंगं निघाली तवाच मी वळखलं, कारण ती कवा संगं चालायची ते मला ठाऊक होतं. तिनं लई मायेनं सांगितलं, हात धरून. पण टेंभुर्णीला जाणारी शेवटची गाडी गेल्ती. सकाळी पोहोचले तवा माती झालेली होती. दवाखान्यातून त्याला आणल्यावर माझी वाट बघितली म्हणं, मंग दिवस मावळायला आला म्हून उचललं. दुपारी कळलं असतं तर मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला असता. आई मला म्हणली, "बाई, इतकी जवळ असून..." पुढं बोललीच न्हाई. आई मरेपर्यंत तेवढंच म्हणत राह्यली.

परत आल्यावर मी चंद्रकलाच्या शेजारीच बसले, जागा बदलली न्हाई. मूठ टाकायची सोडली न्हाई, बोलायचं सोडलं. ती वाचायची, मी ऐकायची, पण तिच्याकडं बघायची न्हाई. अशातच उन्हाळा गेला. एक दिवस सुपं झटकताना तीच बोलली, "कौसे, तू दोन घास खाल्लेले असावे एवढंच बघितलं गं मी. उपाशी पोटी कसं सांगावं?"

मी म्हणलं, "भाकर दुसऱ्या दिशी बी भेटली असती. नामदेव भेटला न्हाई."

"मला वाटलं तुला झेपायचं न्हाई."

"ते तू कोण ठरवणार?"

ती सुपं झटकत राह्यली. त्याच्यावर आम्ही पुन्हा कवा बोललो न्हाई. पण दुसऱ्या दिवसापासून तिची वाचायची तऱ्हा बदलली. आधी मनात वाचायची ते तसंच. मंग मान वर करायची अन् म्हणायची, "एक बातमी हाये, वाईट हाये, अमक्या गावाकडची हाये. ऐकायची का आत्ता?" ज्या बाईचं ते गाव, तिच्याकडं बघूनच इचारायची. ती बाई म्हणली वाच, तर तिच्याजवळ जाऊन वाचायची. नको म्हणली तर घडी घालून बाजूला ठिवायची अन् सांगायची, "हितं ठिवलीय, लागंल तवा माग." पारूबाई चेष्टा करायची, "आली मोठी, नवरीला इचारल्यासारखं इचारती. अगं, गोडं तेल महागलं ते बी इचारूनच सांगशील का?" चंद्रकला म्हणायची, "इचारते की. पारूमावशे, तेल महागलं, ऐकती का आत्ता?" पारूबाई म्हणायची, "नको बाई, आज भजे करायचेत." गोदाम हसायचं. पण खरी बातमी असली की पारूबाई सगळ्यात आधी गप व्हायची.

लातूरकडं भूकंप झाला तवा पेपरात दुसरं काही नसायचंच. सारूबाईची बहीण तिकडं दिलेली होती अन् काही खबर नव्हती. चंद्रकला रोज इचारायची, "सारू, वाचू का?" सारू मान हलवायची, नको. मंग सारू पाणी प्यायला उठली की चंद्रकला आम्हाला जल्दी जल्दी वाचून दाखवायची अन् ती आली की थांबायची. काही बाया चिडल्या. म्हणल्या, हिच्या एकटीसाठी आम्ही का ताटकळायचं? चंद्रकला म्हणली, "तुमची बहीण असती तर?" किती दिवस असं चाललं कुणास ठाऊक. एक दिवस सारूच म्हणली, "आता वाच." सूप खाली ठिवलं, पदर मांडीवर सारखा केला अन् बसली. चंद्रकलानं हळूहळू वाचलं, एकेक गाव, एकेक नाव. बहिणीचं नाव आलं. सारू रडली न्हाई, म्हणली, "पुन्हा वाच एकदा." चंद्रकलानं पुन्हा वाचलं.

पुढं गोदामात मशीन आली, निवडायचं काम गेलं, बाया पांगल्या. चंद्रकलाला धुराळ्यानं दमा लागला, तो गेला न्हाई. ती माझ्याकडं यायची तवा नातू टीव्ही लावून बसलेला असायचा. त्याच्यात जळालेलं, बुडालेलं, चेंगरलेलं सगळं एकामागून एक, वर ढणाण आवाज. ती त्याला म्हणायची, "बाळा, तुझ्या आजीला इचारलं का?" पोराला कळायचं न्हाई. त्याला वाटायचं आवाज बारीक कर म्हणून राह्यली. तो बारीक करायचा. ती म्हणायची, "असू दे, तेवढं तरी."

तर त्या सकाळी मी तिच्या ओट्यावर बसले होते. मिलिंद वाईट पोरगा न्हाई, बहिणीच्या भल्यासाठीच बोलून राह्यला होता. चंद्रकला बी माझ्या भल्यासाठीच पेपराची घडी घालून बसली होती. मी आत जाऊन त्याच्या बायकोला बाजूला घेतलं अन् सुनीताचा नंबर मागितला. तिनं काही न इचारता परभणीचा नंबर पेनानं माझ्या तळहातावर लिहिला. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेले, तिथल्या पोरानं त्याच्या फोनवरून नंबर लावून दिला. सुनीतानंच उचलला.

"सुनीता, मी कौसा मावशी. बाळ कुठंय?"

"मांडीवर हाये. काय झालं मावशी?"

"बाळ सासूपाशी दे. अन् खाली बस."

जरा वेळानं म्हणली, "बसले."

"एक बातमी हाये. वाईट हाये. तुझ्या घरची हाये. आत्ता ऐकती का?"

त्या पोरीनं लहानपणी गोदामात आईच्या मागं बसून हे किती खेपा ऐकलं असंल. तिला मी काय इचारून राह्यले ते बराबर कळलं. नको म्हणली असती तर मी फोन ठिवला असता, देवाशपथ ठिवला असता. ती म्हणली, "आई का?"

"व्हय."

"माती?"

"तू येईस्तोर न्हाई. यायचं का न्हाई ते तू ठरव."

परत आले अन् मिलिंदला सांगितलं. तो उठलाच. "मावशी, कुणाला इचारून केलं तुम्ही हे?"

मी म्हणलं, "तिला इचारून."

तो लई बोलला मंग. तिच्या जिवाला काही झालं तर तुमच्यावर येईल म्हणला. मी ऐकून घेतलं. माणसं कुजबुजून राह्यली, ऊन चढून राह्यलं, बर्फ आणावं लागलं. दुपारनंतर जीप आली. सुनीता उतरली, कान बांधलेले, सासू मागं बाळाला घेऊन. आईजवळ बसली अन् तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, गालावरून हात फिरवत राह्यली. मला ते बघवेना अन् नजर बी काढवेना.

दूध आटलं का, म्हणून तुम्ही इचाराल. आटलं. बाळाला वरचं दूध पाजावं लागलं, बाळ आजारी पडलं, दवाखान्यात ठिवलं. आता बरं हाये. मिलिंद अजून माझ्याशी बोलत न्हाई. त्याची चुकी हाये असं मी म्हणत न्हाई. मी केलं ते बराबर केलं का, हे मला आज बी छातीवर हात ठिवून सांगता येत न्हाई. झोप लागत न्हाई तवा ते बाळ डोळ्यांपुढं येतं, अन् नामदेव बी येतो.

परभणीला परत जायच्या आधी सुनीता माझ्याकडं आल्ती. चहा पिली न्हाई, उंबऱ्यापाशी बसली. आदल्या सांजेला दवाखान्यात तिच्या आईजवळ मीच होते, हे तिला कळलं होतं. म्हणली, "मावशी, आई शेवटाला काही बोलली का?"

मी म्हणलं, "बोलली. तुझ्याबद्दल बोलली. ऐकायचं का आत्ता?"

ती बाळाच्या टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत बसली. सोडली, पुन्हा गुंडाळली. मंग मान हलवली. "आत्ता नको."

"बरं," मी म्हणलं. "माझ्यापाशी हाये. लागंल तवा माग."

चंद्रकलाचे ते बोल मी अजून कुणाला सांगितले न्हाईत. नात आत्ता लिहिता लिहिता म्हणली, आजी, ते बी सांग ना, लोकांना वाचायला बरं वाटंल. न्हाई. हा पेपर परभणीला बी जातो.