स्टार दाबा

आमच्या कंपनीत फोन तपासायचा म्हणजे मिस्ड कॉल द्यायचा. नंबर लावायचा, पलीकडे बेल वाजली की कापायचा, कागदावर 'ओके' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. अख्खं पुणं तेव्हा मिस्ड कॉलवर चालायचं, मीच कशाला शहाणपणा करू? कात्रजच्या एका छोट्या हार्ट हॉस्पिटलात मी इंटरनेटवरचे नवे फोन बसवले, तेही असेच तपासले. 'अँब्युलन्ससाठी कृपया स्टार दाबा,' हे वाक्य तर माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं होतं. केवढी मिरवले होते मी!

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला.

"अगं, आईच्या छातीत दुखतंय. घामानं भिजलीय. हॉस्पिटलला फोन लावतोय, तर तू म्हणतेस स्टार दाबा. मी दाबतो, तर तू परत तेच म्हणतेस. माझंच बोट नीट लागत नसेल का गं?"

बोटाचा दोष नव्हता. स्टार दाबला की फोनमध्ये जो 'टूं' वाजतो, तो इंटरनेटवरून जाताना पार चेपला जात होता, आणि आमच्या यंत्राला तो ऐकूच येत नव्हता. स्टारशिवाय तिथे माणूस मिळायचा नाही. हॉस्पिटलच्या मॅनेजरचा मोबाइल लावला, तो बंद. दुपारची झोप, दुसरं काय! आईला तीन जिने उतरवणं एकट्या बाबांच्यानं होणार नव्हतं.

"बाबा, फोन ठेवा. दोन मिनिटांनी परत लावा."

"दोन मिनिटं? अगं, ती बोलत नाहीये आता."

ऑफिसातूनच कॉम्प्युटरवर हॉस्पिटलचं फोनचं यंत्र उघडलं. स्टार आवाजातून न पाठवता वेगळा पाठवायचा, एवढा एकच पर्याय बदलायचा होता. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. ती दोन मिनिटं हॉस्पिटलचा एकही फोन चालत नव्हता आणि मी मेलीच होते. नंतर बाबांनी फोन लावला, स्टार दाबला आणि पलीकडून खरी बाई बोलली.

आई वाचली. बाबा येईल त्याला सांगत, "पोरीनं वाचवलं हो!" मी मान खाली घालून चहा ठेवायला आत जाई.

कारण दुसऱ्या दिवशी मी यंत्रातली आलेल्या फोनची यादी पाहिली होती. बाबांच्या फोनच्या आदल्या दुपारी एकाच नंबरवरून लागोपाठ सहा फोन आले होते. सहाही वेळा कुणीतरी माझा आवाज ऐकत राहिलं होतं. सातवा फोन नव्हता.

तो नंबर मी लावला. विचारायचं होतं, माफी मागायची होती. पलीकडे बेल वाजली, आणि मी फोन कापला.

मिस्ड कॉल पाहून माणूस उलटा फोन करतोच. संध्याकाळपर्यंत मी मोबाइलसमोर बसून होते, तो वाजेल या भीतीनं. तो वाजला नाही.