कुणीतरी तिला शिकवलंय

मुलीची सहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी मी परातीत ज्वारी निवडत बसले होते. ती आतून एक गाठोडं घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, हे कुणाला तरी देऊन टाक."

"काय आहे त्यात?"

"भातुकली. बाहुली पण आहे."

एवढं बोलून ती माठाकडे गेली, तांब्यानं पाणी घेतलं, घटाघटा प्यायली आणि खाली मैत्रिणीकडे निघून गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली. नेहमीसारखीच. मी गाठोड्याकडे बघत राहिले. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. वाईट वाटलं, असं नाही. वाटलं, हे हिच्या डोक्यातलं नव्हे. कुणीतरी हिला शिकवलंय.

आम्ही तेव्हा सोलापुरात शुक्रवार पेठेत एका घराच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. हे गिरणीत कामाला होते. मुलगी एकुलती एक. भातुकली दरवर्षी थोडी थोडी जमवलेली. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की एक तरी वस्तू यायचीच. कधी पितळेचा बंब, कधी लाकडी जातं, कधी बोटभर उंचीची खलबत्त्याची जोडी. बाहुली मात्र मी केलेली. पलीकडच्या बोळात एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. त्यांच्या घरातल्या बाईनं मला इरकली साडीचा एक काठासकटचा तुकडा दिला होता, त्याचं बाहुलीला नऊवारी नेसवलेलं. डोळे माझ्या मंगळसूत्रातल्या मण्यांचे. नव्यानं ओवून घेतलं तेव्हा उरलेले.

ही बाहुली आमच्या घरात बोलायची. म्हणजे मुलगीच बोलायची, बारीक, किनऱ्या आवाजात. पण इतक्या तन्मयतेनं, की मी कधी कधी स्वयंपाकघरातून त्या बाहुलीलाच उत्तर द्यायची. बाहुली फार हट्टी होती. तिला भाकरी आवडत नसे, सारखा भात मागायची. अंघोळीच्या नावानं भोकाड पसरायची. सात-आठ वर्षं ती आमच्यात राहिली आणि आता म्हणे, देऊन टाक.

मी गाठोडं सोडायला घेतलं आणि हात थबकला. ज्या चादरीत ते बांधलं होतं ती आमची नव्हती. जुनी, विटकी, कडेला उसवलेली सोलापुरी चादर. ही मी पाहिली होती. खाली घरमालकीणबाईंच्या दोरीवर.

घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. एकट्या राहायच्या. माहेर अक्कलकोटच्या पुढे, दुधनीकडचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायच्या. कपाळाला विभूती, कमरेला चाव्यांचा जुडगा. माझ्या मुलीला येता-जाता म्हणायच्या, "काय गं, मोठी झालीस की!" मला ते कधीच आवडलं नव्हतं.

मी तशीच खाली गेले. अक्का दारात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अक्का, तुमची चादर आमच्याकडे कशी?"

"पोरीनं मागितली. दिली."

"कशाला मागितली, विचारलं नाहीत?"

"विचारलं की. खेळणं बांधायला म्हणाली." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "यव्वा, बस की. उभी का?"

मी बसले नाही. "तुम्हीच सांगितलंत ना तिला? मोठी झालीस, आता बाहुली कशाला म्हणून?"

अक्कांनी मान वर केली. रागावल्या नाहीत. "मी कशाला सांगू? मला लग्नात आईनं बाहुली दिली होती, लाकडाची. सासरी नेली. सासूनं दुसऱ्या दिवशी काढून घेतली, चुलीत घातली. माझ्या डोळ्यासमोर. तुझ्या पोरीनं आपल्या हातानं बांधली. चांगलं हाय की."

दुसरी कुणी असती तर हे ऐकून विरघळली असती. मी नाही विरघळले. जिना चढताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पोरगी आधी अक्कांकडे गेली. मला सांगायच्या आधी. घरात आमच्या चादरी काय कमी होत्या? मग मागायची कशाला? तर आपल्या घरातली चादर काढली असती तर मला आधीच कळलं असतं, म्हणून. म्हणजे हे गुपचूप चाललं होतं. आणि गुपचूप चालतं त्याला कारण असतं.

पुढचे काही दिवस मी तिच्यावर पाळतच ठेवली म्हणा ना. ती वयात येत होती. मला वाटलं, तसंच काही झालं असेल आणि घाबरून लपवत असेल. आमच्या वेळी मी लपवलं होतं, मला ठाऊक होतं कसं लपवतात ते. मी तिचे धुवायचे कपडे निरखून पाहू लागले. आडून आडून विचारलं, "पोटात दुखतंय का गं?"

"नाही."

"कंबर?"

"आई, मला काही झालेलं नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू अशी का बघतेस माझ्याकडे?"

"कशी?"

"चोर पकडल्यासारखी."

मी उठून स्टोव्हला पंप मारायला लागले.

आणि त्याच आठवड्यात हे गिरणीतून आले, चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "धाकटी येणार आहे मोडनिंबहून. लेकीला घेऊन. राहील चार दिवस."

धाकटी म्हणजे माझी नणंद. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवाळीत आल्या होत्या तेव्हा वन्सं भातुकलीकडे बघून म्हणाल्या होत्या, "दादा, केवढी खेळनी ही! आमच्या पोरीला दगडंच हायती खेळायला." आणि हे म्हणाले होते, "बघू की." बघू की! हे असे माणूस. समोरासमोर कधी काही बोलायचे नाहीत, पण बहिणीसाठी मागच्या दारानं काहीही करतील. यांनीच पोरीला बाजूला घेऊन समजावलं असणार. तू शहाणी, तू मोठी, धाकट्या बहिणीला देऊन टाक. पोरीनं बापाचा शब्द मोडला नाही. सगळं जुळलं.

मी कुणाला काही बोलले नाही. गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागे भिंतीला लावून ठेवून दिलं. वर रिकामं घमेलं पालथं घातलं.

वन्सं आल्या त्या घामानं निथळत, कडेवर पाच वर्षांची लेक. "वैनी, लई ऊन हाय बगा तुमच्या सोलापुरात," म्हणत पायरीवरच टेकल्या. मी पाणी दिलं, गूळ दिला. लेक कडेवरून उतरली, आत गेली, बाहेर आली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "बावली कुटं हाय?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली.

संध्याकाळी वन्सं लेकीला घेऊन अक्कांकडे बसायला गेल्या. मुलगी बाहेर गॅलरीत होती. मी यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्ही कबूल केलं होतंत ना बहिणीला?"

"काय?"

"माझ्याशी नाटक नको. पोरीच्या डोक्यात तुम्हीच भरवलंत. नाहीतर ती लहानगी आल्या आल्या बाहुली कशी मागते?"

"अगं, दिवाळीत बघितली होती तिनं. लहान मूल आहे, मागेल नाही तर काय करेल?"

"मग मघाशी मान का खाली घातलीत?"

हे अगदी हळू म्हणाले, "कारण मला वाटत होतं, तूच तिला काही बोललीस."

"मी?"

"आता मोठी झालीस, घरातलं काम बघ, असं काहीतरी. तू रागात बोलतेस कधी कधी." त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि रंगीत सुताची एक गुंडाळी ओट्यावर ठेवली. लाल, हिरवं, पिवळं, तुटलेल्या धाग्यांची. "गिरणीतल्या खात्यातून उरलेलं सूत आणायचो ना बाहुलीच्या वेणीला? दर पगाराला आठवण करून द्यायची मला. गेल्या दोन-तीन महिन्यांत एकदाही मागितलं नाही तिनं. मी आपलं खिशात घेऊन फिरतोय. विचारलं नाही. म्हटलं, आई रागावली असेल, मध्ये कशाला पडा."

मी दिवसभर घरात असून माझ्या लक्षात गाठोडं समोर आल्यावर आलं होतं. आणि हा माणूस, जो घरात असूनही नसल्यासारखा वावरतो, त्याला महिन्यांपूर्वीच कळलं होतं. त्यातून तो माझ्यावर संशय घेत होता! मला राग आला. मग ओट्यावरचं ते मळकं सूत दिसलं आणि राग तिथेच थांबला.

"मला कुणीही काही सांगितलेलं नाही."

मुलगी दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"मग का द्यायला निघालीस?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

ती चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखानं काढत राहिली. "ती बोलत नाही आता."

"कोण?"

"बाहुली. आधी मी तिला हातात घेतलं की तिचं बोलणं आपोआप यायचं. काय बोलणार ते मलापण माहीत नसायचं. आता मला ठरवावं लागतं. मग खोटं खोटं वाटतं." पुढे म्हणाली, "मी खूपदा करून बघितलं. परीक्षेच्या आधीपण."

हे खाली बघत होते. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू तिच्याशी बोलायचीस ना. तुला वाईट वाटलं असतं."

अक्कांची चादर का, ते मला विचारावं लागलं नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि सरळ पोत्यांमागून गाठोडं ओढून बाहेर आणलं. घमेलं खाली पडून ठणठणलं. मी कुठे ठेवलंय ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जमिनीवर सगळं मांडलं आणि त्या लहानग्या आतेबहिणीला समोर बसवून एकेक वस्तू दाखवली. जात्याचा खुंटा सैल आहे, जपून फिरव. बंबात खरं पाणी घालू नकोस, गळतं. शाळेतल्या बाईंसारखं बोलत होती. मी दारातून बघत होते, अजूनही शोधत होते. कुठे हात रेंगाळतोय का, एखादी वस्तू मागे ठेवतेय का. तसं काही दिसलं नाही.

वन्सं निघाल्या तेव्हा आम्ही एस. टी. स्टँडपर्यंत पोचवायला गेलो. गाडी लागायची होती. लहानगीनं बाहुलीची साडी फेडली, काठ ओढून पदर काढला, तो बाहुलीच्या गळ्याला बांधला आणि तिला फरशीवरून ओढत चालली. "हे माझं करडू हाय. चल गं, हुर्र!"

"अगं अगं," वन्सं ओशाळल्या. "शेरडातच असती ना दिसभर. तिला दुसरं काय ठावं?"

माझा हात पुढे गेला होता. खरंच, मी हिसकावूनच घेतली असती. पण माझी लेक खळखळून हसली, खाली बसली आणि म्हणाली, "करडाला पाला नको का?" तिनं आपल्या हातातला सिटी बसच्या तिकिटाचा तुकडा बाहुलीच्या तोंडापुढे धरला. हे दुसरीकडे बघत उभे होते.

पुढच्या दिवाळीत आम्ही मोडनिंबला गेलो. वन्संच्या घरी फराळ झाला, पोरं अंगणात पळाली. मी सहज म्हणून आतल्या खोलीत डोकावले, कोनाड्यात पाहिलं, फळीवर पाहिलं. बंब होता, त्यात कुणीतरी हळद ठेवली होती. शेवटी न राहवून बाहुलीचं विचारलंच.

"ती व्हय?" वन्सं म्हणाल्या. "पावसाळ्यात भिजून पार चोथा झाला तिचा. उकिरड्यावर टाकली की."

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीशी बसली होती, वाऱ्यावर डोळे मिटून. बाहुलीबद्दल तिनं तिथे कुणाला एक शब्द विचारला नव्हता, आम्हालाही नाही. हे माझ्याकडे जरा झुकले आणि तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मी गोठ्यात पण बघून आलो."