शरदिनीने काकांना अपसव्य केलं

शरदिनी मुळे बावन्नाव्या वर्षी काशीतल्या ब्रह्मा घाटावर वडिलांच्या घरी कायमची परतली. बरोबर दोन बॅगा, जलरंगांचा डबा आणि तांब्याच्या सदतीस पत्र्यांचं एक जडशीळ गाठोडं. गल्लीत हातगाडीसुद्धा वळत नाही, म्हणून ते हमालाच्या डोक्यावरून आलं. तांबं पाहून शेजाऱ्यांची समजूत झाली की पोरीने परदेशात भांड्यांचा धंदा काढला असावा.

धंदा भांड्यांचा नव्हता. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र कोरायचं आणि पत्रा अॅसिडात बुडवायचा. सुई जिथून गेली तिथलं तांबं अॅसिड खातं. त्या रेघांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून छापायचं. हे ती विद्यापीठात शिकली आणि त्याच्याच जोरावर तीस वर्षं फिरली: क्राकोव्ह, लिस्बन, तिबिलिसी. लग्नाचं राहून गेलं, त्याची खंत तिच्यापेक्षा गल्लीलाच जास्त. नॉर्वेतल्या एका बेटावर थंडीने जलरंग कागदावरच गोठायला लागले, तेव्हा तिने रंगाच्या पाण्यात व्होडका मिसळली. घरी फोनवर मात्र "औषध घालते" असं सांगितलं. तिचे वडील बिंदुमाधवशास्त्री, म्हणजे नाना, घनपाठी वैदिक, वेदातले शब्द सुलट-उलट फिरवून म्हणणारे. त्यांनी "किती थेंब?" एवढंच विचारलं.

परतल्यावर अडचण आली ती छापायच्या यंत्राची. तिने उसाच्या रसाची एक जुनी चरखी मिळवली, लेथवाल्याकडून तिचे रूळ गुळगुळीत करून घेतले आणि ती माजघरात बसवली. पहिल्या कागदांना किंचित गोड वास येत होता असं ती सांगते. खरं-खोटं तीच जाणे. अॅसिडाबद्दल नाना कुरकुरतील अशी तिला धास्ती होती. पण पूजेची तांब्याची भांडी आपण चिंचेने घासतो, तीही आंबटच, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

मग पंचगंगेचं प्रकरण झालं.

एका सकाळी ती नावेतून पंचगंगा घाटासमोर गेली. पायरीवर शेजारचे ढुंढिराजकाका, संस्कृतचे निवृत्त मास्तर, उघड्या अंगाने संध्या करत बसले होते. उजेड झरझर बदलत होता, म्हणून तिने कच्चं चित्र न काढता समोर दिसेल तसं थेट पत्र्यावर कोरलं. छापल्यावर चित्र उलटं निघतं, डावं उजवीकडे जातं, हे तिला ठाऊक होतंच. घाट उलटा निघाला तर निघू दे, असा तिने विचार केला. जानव्याचा मात्र केला नाही.

ते चित्र तिच्या प्रदर्शनाच्या निमंत्रणावर छापलं गेलं, आणि कुणीतरी ते निमंत्रण घाटावरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. चित्रात काका डाव्या हाताने आचमन करत होते. तेही एक वेळ चाललं असतं. पण जानवं उजव्या खांद्यावर होतं, म्हणजे अपसव्य, जसं श्राद्धाला करतात तसं. तासाभरात नागपूरहून काकांच्या मुलीचा, मधुराचा, रडवेला फोन आला: घरात कोण गेलं आणि मला कळवलं कसं नाही? तिची समजूत घालेपर्यंत काकांच्या दारात दोन माणसं सांत्वनाला येऊन उभी.

काका मोबाइल हातात धरून मुळ्यांच्या घरी आले.

"शरू, तू मला जिवंतपणी श्राद्धाला बसवलंस."

शरदिनीने माफी मागितली. तिला खरंच वाईट वाटलं, आणि हसूही येत होतं. ते लपवायला ती पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. परत येते तो नानांनी त्या चित्राचा पत्रा काढून खिडकीपाशी धरलेला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. इतक्या वर्षांत लेकीचा पत्रा त्यांनी हातात घेतला नव्हता.

"ढुंढिराज, मूळ पाठात तुझं जानवं सव्यच आहे," ते म्हणाले. "कागदावर आहे तो उलट पाठ. आम्ही घन म्हणताना शब्द उलटे म्हणतो, तेव्हा वेद का बिघडतो?"

काका मास्तर होते, सहज ऐकणारे नव्हते. "पण उलट म्हणून झालं की तुम्ही पुन्हा सुलट म्हणता ना? मग हिनेही म्हणावं."

नानांनी पत्रा लेकीच्या हातात परत दिला.

शरदिनीने नवा पत्रा घेतला. आठ दिवस काका रोज सकाळी पायरीवर नेहमीपेक्षा ताठ बसले, आणि ती नावेत घाटाकडे पाठ करून, आरशात बघत कोरत राहिली. नावाडी म्हणाला, "दीदी, गंगाजी उस तरफ हैं, घाट इस तरफ." संध्याकाळी नाना पत्रा तपासायचे. उलटं वाचायची त्यांना जन्माची सवय, त्यामुळे तिच्या नजरेतून निसटलेल्या दोन चुका त्यांनीच धरल्या. एक घाटावरच्या मशिदीच्या जिन्याची होती आणि दुसरी काकांच्या शेंडीची.

चरखीतून पहिला कागद निघाला तेव्हा काका समोरच होते. जानवं डाव्या खांद्यावर, आचमन उजव्या हाताने. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, पोट थोडं कमी होईल का? तिने सांगितलं की तांब्यातली रेघ खरवडायची तर चार दिवस लागतील, आणि तेवढ्यात खरं पोट कमी करणं सोपं जाईल.

काका चित्र तसंच घेऊन गेले. ग्रुपवर टाकताना मात्र त्यांनी ते अशा बेताने कापलं होतं की जानवं स्पष्ट दिसावं आणि त्याखालचं काहीच दिसू नये.