गुडघ्याच्या गादीचं माप

नव्वदीच्या दशकात जळगावात सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ बघायची, एवढंच लोकांना ठाऊक. त्यामुळे माझी म्हातारी माय गरोदर सुनांच्या रांगेत बसली, की हमखास कुणीतरी हसायचं. मायही हसायची. मी शाळेतून रजा काढून, लेकरं शेजारणीच्या गळ्यात मारून आलेली असायची; हसायला अंगात काही उरलेलं नसायचं.

मायच्या गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टरीणबाईंनी गुडघा पुरता दुमडायला लावून पडद्यावरची काळी पट्टी मोजली. दीड मिलिमीटर. त्या दीड मिलिमीटरवर माय माझ्याकडे राहत होती. लेकीच्या दारात आईने मुक्काम ठोकणं आमच्यात बसत नाही. दवाखान्याचं निमित्त तेवढं चालतं. धुळ्याला भावाचं घर मोठं, पण तिथे दिवस दिवस तिच्याशी कुणी बोलायचं नाही. म्हणून गुडघा बरा होईस्तोवर जळगाव, असं ठरलेलं.

पोळ्याला भाऊ तिला घेऊन गेला आणि त्याने तिकडे पुन्हा माप काढून आणलं. दोनच्या वर भरलं. गादी वाढली, आता माय धुळ्यालाच राहील, असं त्याने फोनवर सांगून टाकलं. माय सामान न्यायला म्हणून आली, तशी मी तिला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला भावाच्या तोंडावर मारायला एक आकडा हवा होता.

तिकडे पाय कसा ठेवला होता, असं बाईंनी विचारलं. माय म्हणाली, डॉक्टर पुरुषमाणूस, शेजारी आपलाच पोरगा उभा. लुगडं गुडघ्याच्या वर कसं घेणार? पाय सरळच ठेवला. बाईंनी कपाळाला हात लावला. सरळ पायात गादी वाटीखाली दडते, आणि यंत्र जरा तिरकं धरलं तरी ती जाड दिसते, म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः मोजलं, तर या खेपेला पावणेदोन आलं. माझ्याही हातून एवढा फरक पडतो, त्या सरळ म्हणाल्या. झिजलेली गादी काही वाढत नसते, पण या आकड्यावर कुणी काही ठरवू नये.

माझा सगळ्यांवरच राग निघाला. मशीनवर, भावावर, मायवरही.

बाहेर पायरीवर ती टेकली. गुडघा चोळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुन्हा घर ऱ्हावाले मना गुडघा दुखालेच जोयजे का व, बेटा?"

मी तिला हात देऊन उठवलं. घरी जाऊन भावाला फोन लावला आणि सांगितलं, मापावर भरवसा नाही. मग माय कुठे राहणार, त्याने विचारलं. मी दमले होते. तिलाच विचार म्हटलं आणि फोन मायच्या हातात दिला. तिने तो कानाला धरला. मग म्हणाली, "गुडघा बरा शे मना. मी आठेच ऱ्हास, जळगावले."