रॅम्पवरची शिट्टी

आमचे गेलेले शेजारी रोज सकाळी शिट्टी मारतात.

हसू नका. मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही, पण पहिल्या दिवशी हातातलं दूध सांडलं.

आज दादांना, म्हणजे या शेजाऱ्यांना, जाऊन महिना झाला.

शेलार गावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला, उंच झाला आणि आमची दारं खड्ड्यात गेली. गाडी काढताना खालून खर्रकन घासायची. शेवटी दादांनीच गवंडी आणून दोन्ही घरांना मिळून एक रॅम्प करून घेतला. गाडी घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर आडव्या रेघाही स्वतःच मारल्या.

पण रॅम्प अरुंद, कारण कडेला त्यांचं जांभळाचं झाड. ते तोडा म्हणून मी किती डोकं खाल्लं त्यांचं! ते नुसते हसायचे.

मग त्याची भरपाई म्हणून की काय, मी ऑफिसला निघाले की हे वर रस्त्यावर उभे. शेजारच्या वळ गावातल्या गोडाऊनचे ट्रेलर हात दाखवून थांबवायचे आणि मला रिव्हर्स घ्यायला लावायचे.

एक लांब शिट्टी म्हणजे ये.
दोन छोट्या म्हणजे थांब.

त्यांचा कुत्रा शेजारी बसून ड्युटी बघायचा. कामधाम काही नाही, म्हणून त्याचं नाव शेठ.

दादा झोपेतच गेले. कार्य आटोपलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी शिट्टी आली.

तीच. लांब.

शेठ धावत रॅम्पवर गेला आणि रस्त्याकडे बघत बसला.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. तोवर अंथरुणातून उठल्या नव्हत्या.

मग मला ती दिसली. जांभळाच्या ढोलीत राहणारी साळुंकी. इतकी वर्षं ऐकून ऐकून शिकली मेली.

पण कळलं म्हणून काय झालं? परवा रिव्हर्स घेताना दोन छोट्या शिट्ट्या आल्या. मी कचकन ब्रेक मारला. मागे काहीही नव्हतं. तरी पाय ब्रेकवरून निघेना.

भीती वाटते मला. आणि एखाद्या सकाळी शिट्टी आली नाही तर, याची त्याहून जास्त वाटते.

अशात त्यांचा मुलगा राकेश म्हणाला, ताई, नवी गाडी घेतोय, आता रॅम्प मोठा करून टाकू. रविवारी झाड तोडणारे येणार असं ठरलंसुद्धा. मला हवं होतं तेच, आणि आता मलाच ते नको झालं.

झाड गेलं की साळुंकी जाणार. वहिनी परत अंथरूण धरणार. म्हटलं, त्याआधी आपणच खरं सांगावं.

संध्याकाळी गेले, त्यांचा हात धरला आणि कसंबसं सांगितलं, की ते दादा नाहीत, पक्षी आहे.

वहिनी शेठच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या,

"मला दिसतंय गो. साळुंकीच हाय. पण आवाज त्यांचाच ना? तेवढाच ऱ्हायलाय."

राकेश दारातच उभा होता. त्याने तिथूनच फोन लावून झाडवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग भिंतीकडे तोंड करून रडला. बापाला खांदा देताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं पोराने.

दादा, झाड तोडत नाही आम्ही. गाडी मी हळू काढेन.

तुम्ही निघा आता शांतपणे. मागचं आम्ही बघतो.